कापडाची उलटी बाजू

आज मी तुम्हाला एका विणकराबद्दल सांगणार आहे. तो आपल्याकडचा नाही. येवल्याचा नाही, सोलापूरचा नाही आणि माझ्या मालेगावचाही नाही. तो होता मेक्सिको देशातला. त्याचं नाव आर्नुल्फो मेंदोसा. मी त्याला कधी भेटलो नाही, मेक्सिकोलाही गेलेलो नाही. तरी गेली काही वर्षं हा माणूस माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला आहे.

त्याची गाठ पडली ती एका तांबड्या कापडामुळे. आमच्या एका प्राध्यापक मित्राची मुलगी अमेरिकेत नोकरीला आहे. सुट्टीत ती मेक्सिको फिरून आली आणि इकडे आल्यावर तिने माझ्या हातात ताटाएवढा एक लोकरी तुकडा ठेवला. म्हणाली, ‘‘काका, तुम्ही विणकरांच्या घरातले, तुम्हाला कळेल.’’ मी तो तुकडा घेतला आणि पहिल्यांदा काय केलं, तर उलटा केला.

विणकराच्या घरात वाढलेला कुठलाही माणूस हेच करील. कापडाची सुलटी बाजू गिऱ्हाईक बघतं, विणकर उलटी बाजू बघतो. गाठी कुठे मारल्या, सूत कुठे सोडलं, कुठे घाई केली, सगळं मागे दिसतं. माझे आजोबा हातमागावर लुगडी विणायचे. कुणी नवं कापड आणलं की ते आधी पालथं करत, अंगठ्याने चाचपत आणि मगच बोलत. तर हा तांबडा तुकडा मी उलटा केला आणि थांबलो. मागची बाजू अगदी पुढच्यासारखीच होती. लोंबणारा धागा नाही, गाठ नाही. पायऱ्यापायऱ्यांची नक्षी दोन्हीकडे सारखी. पैठणीच्या अस्सल पदराची खूण हीच सांगतात ना? ती मला सातासमुद्रापलीकडच्या लोकरीच्या तुकड्यावर दिसली.

त्या मुलीने तिकडच्या एका कलादालनातली काही छापील चित्रंही आणली होती. त्यांत आर्नुल्फो मेंदोसाची विणकामं होती. मी मिळेल ते वाचत गेलो. त्यातलं जे मनात राहिलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

मेक्सिकोच्या दक्षिणेला एक राज्य आहे. स्पेलिंग वाचलं तर आपण ‘ओअॅक्साका’ म्हणू, पण तिथले लोक म्हणतात ‘वाहाका’. डोंगरांनी वेढलेली खोरी, कोरडी जमीन, मका आणि निवडुंग. याच भूमीतले मूळ रहिवासी म्हणजे झापोटेक लोक. स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी शतकं आधी त्यांनी माँते आल्बानसारखं नगर डोंगरमाथ्यावर उभारलं होतं. त्यांची स्वतःची भाषा आहे. ती आजही बोलली जाते. मेक्सिकोचे एकोणिसाव्या शतकातले थोर अध्यक्ष बेनितो ह्वारेस हे याच वाहाकातल्या एका खेड्यातले झापोटेक. लहानपणी त्यांना स्पॅनिश येत नव्हतं.

वाहाका शहरापासून साधारण ३० किलोमीटरवर तेओतित्लान देल व्हाये नावाचं गाव आहे. विणकरांचं गाव. आर्नुल्फोचा जन्म इथे १९५४ साली झाला. वडील विणकर. घरात माग. पोरानं माग कधी शिकायला सुरुवात केली, हा प्रश्न अशा घरात विचारायचा नसतो. पोर आधी लोकर पिंजताना बघतं, मग कांड्या भरतं, मग मागाच्या बाकावर त्याचे पाय पोचायला लागतात. आमच्या घरातही तसंच होतं. कांड्या भरणं हा आमचा पहिला खेळ होता आणि पहिला कंटाळाही.

आता या गावातल्या विणकामाची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. ती नीट कळली तरच आर्नुल्फोने काय केलं ते कळेल.

स्पॅनिश लोक यायच्या आधी तिथे मेंढी नव्हती. लोकर नव्हती. कापड होतं ते सुताचं आणि माग होता तो कमरेचा. मागाचं एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं, दुसरं टोक पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. अंग मागे झुकवलं की ताणा ताठ होतो, पुढे झुकलं की सैल. विणणारीचं शरीर हाच मागाचा अर्धा भाग. हे काम प्रामुख्याने बायकांचं. वाहाकाच्या खोऱ्यातून अॅझ्टेक सम्राटांना जी खंडणी जात असे, तिच्यात सोन्याबरोबर सुती कापडाचे गठ्ठे आणि तांबड्या रंगाच्या पिशव्याही असत.

१५२१ नंतर स्पॅनिश सत्ता आली. तिच्याबरोबर मेंढ्या आल्या, पिंजायचे आणि कातायचे युरोपी प्रकार आले आणि पायाने चालवायचा मोठा लाकडी माग आला. तो माग पुरुषांच्या हाती गेला. सुताच्या जागी लोकर आली. घोंगड्या विणल्या जाऊ लागल्या, मधोमध चीर ठेवून डोक्यातून घालायचे ‘सरापे’ विणले जाऊ लागले. आज ज्याला आपण ‘झापोटेक परंपरा’ म्हणतो, तिच्यातली मेंढी परदेशी, माग परदेशी. मग तिच्यात झापोटेक काय उरलं? उरली नक्षी, उरला रंग आणि उरला हात.

नक्षीचं सांगतो. तेओतित्लानपासून जवळच मित्ला नावाची प्राचीन वास्तू आहे. तिच्या भिंतींवर दगडाचे छोटे छोटे कापलेले तुकडे एकमेकांत बसवून पायऱ्यांची आणि वळणांची नक्षी केली आहे. चुन्याचा आधार न घेता तुकडे असे बसवले आहेत की शतकांमागून शतकं गेली तरी ते तसेच आहेत. ही पायऱ्यांची नक्षी मागावर आली. कुणाला त्यात वीज दिसते, कुणाला सर्प, कुणाला माणसाच्या आयुष्याच्या पायऱ्या. माझ्या हातातल्या तुकड्यावर होती ती हीच.

आणि रंग. श्रोतेहो, आपण मराठीत ‘किरमिजी’ रंग म्हणतो. हा शब्द फारसी-अरबीतून आपल्याकडे आला. ‘किरमिज’ म्हणजे रंग देणारा किडा. संस्कृतातला ‘कृमी’ हा त्याच शब्दाचा नातलग. म्हणजे ‘किरमिजी’ या सुंदर शब्दाच्या पोटात एक किडा बसलेला आहे. हा शब्द जुन्या जगातल्या किड्याचा. पण त्या किड्याचा एक दूरचा चुलतभाऊ वाहाकातल्या निवडुंगावर राहतो. त्याचं नाव कोचिनील. वरून पांढरट भुकटी लागलेला दाणा दिसतो. चिरडला की बोट रक्तासारखं लाल होतं.

निवडुंगाच्या पानांवरून हे किडे हलक्या हाताने खरवडून गोळा करायचे, वाळवायचे, पाट्या-वरवंट्यासारख्या दगडावर वाटायचे. एक किलो सुका रंग हवा तर सुमारे दीड लाख किडे लागतात. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात उकळायची म्हणजे रंग धरतो. मग खरी गंमत सुरू होते. त्याच रंगात लिंबू पिळलं की तो नारिंगीकडे झुकतो. चुन्यासारखं काही घातलं की जांभळ्याकडे सरकतो. एकाच किड्यातून शेंदरी, तांबडा, गुलाबी, वांगी. निळा रंग मात्र निळीचा, झाडाच्या पानांपासून काढलेला. पिवळा डोंगरातल्या फुलांचा. तपकिरी अक्रोडाच्या जातीच्या फळांच्या सालींचा.

या किड्याने एकेकाळी साम्राज्यं हलवली होती. स्पेनला मेक्सिकोतून चांदीच्या खालोखाल पैसा मिळत होता तो या तांबड्या रंगातून. हा रंग बीपासून होतो की किड्यापासून, हे युरोपला बराच काळ ठाऊकच नव्हतं, कारण स्पेनने ते गुपित राखलं. १७७७ साली एक फ्रेंच माणूस वाहाकात येऊन हे किडे निवडुंगासकट चोरून घेऊन गेला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीनेही हिंदुस्थानात हा रंग पिकवायचा घाट घातला. १७९५ साली ब्राझीलहून किडे आणले गेले, पण ती जात निघाली हलकी. निवडुंग खाऊन फस्त झाले, चांगला रंग काही मिळाला नाही. आणि मग १८५६ नंतर कारखान्यातले रासायनिक रंग आले आणि या साऱ्या व्यापाराचं कंबरडं मोडलं. निळीचं आपल्याकडे जे झालं, तेच त्या किड्याचं तिकडे झालं.

अशा गावात, अशा मागावर आर्नुल्फो बसला. पण तो ज्या काळात वाढला, तो काळ तेओतित्लानसाठी मोठा उलथापालथीचा होता. १९४० च्या दशकात मोठा महामार्ग वाहाकापर्यंत आला आणि त्यामागून पर्यटक आले. गावातले कितीतरी पुरुष अमेरिकेत शेतमजुरी करायला गेले. गावात विणलेली घोंगडी अंगावर घेण्यासाठी होती, ती आता जमिनीवर अंथरायची किंवा भिंतीवर टांगायची ‘तापेते’ झाली. गिऱ्हाइकाला जे हवं ते विणायचं. पर्यटकांना पिकासो हवा, तर पिकासोच्या चित्राची नक्कल लोकरीत. मिरो हवा, तर मिरो. अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांना तिकडच्या नाव्हाहो आदिवासींच्या नमुन्याचे गालिचे स्वस्तात हवे होते, ते तेओतित्लानमध्ये विणले गेले. आणि पुढचं ऐका. झापोटेक नमुन्याचे गालिचे याहून स्वस्तात हवे झाले, तेव्हा ते कुठे विणले गेले? आपल्या हिंदुस्थानात. म्हणजे झापोटेक विणकर दुसऱ्याची नक्कल करतोय आणि आपला विणकर त्याची नक्कल करतोय. दोघांनाही मजुरी हाताला चटके बसतील एवढीच. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही.

आर्नुल्फोला चित्रकार व्हायचं होतं. वाहाका शहरात तो कलाशाळेत शिकला. १९७४ साली तिथे ‘रुफिनो तामायो कार्यशाळा’ सुरू झाली होती. रुफिनो तामायो हे मेक्सिकोचे जगविख्यात चित्रकार, तेही वाहाकाचेच. त्या कार्यशाळेत आर्नुल्फो चित्रकला शिकला. कागद, कॅनव्हास, शाई, छापे. आता या क्षणी सगळ्यांनाच वाटलं असेल की एक पोर मागावरून सुटलं. शिकला, शहरात गेला, कलाकार झाला. घरच्यांना अभिमान, गावाला कौतुक.

माझंही असंच झालं. अब्बा यंत्रमागावर कामाला होते. दिवसपाळी, रात्रपाळी, मालेगावची ती न थांबणारी खडखड, फक्त शुक्रवारी शांत होणारी. मी बी.ए. झालो तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. आनंद पदवीचा होताच, पण त्याहून मोठा आनंद हा होता की पोरगा आता मागावर उभा राहणार नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. आजोबांचा हातमाग मोडून त्याची लाकडं छपराला वापरली, तेव्हाही मी काही बोललो नाही. एक धोटा तेवढा उरला. तो आज माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. पाहुणे विचारतात, ही होडी कसली?

आर्नुल्फो मात्र चित्रकला शिकला आणि मागाकडे परतला. माझ्या मनात जे रुतलं ते हेच. त्याने चित्रं सोडली नाहीत. तो आयुष्यभर रंगवतही राहिला. पण चित्रकाराचे डोळे घेऊन तो वडिलांच्या बाकावर जाऊन बसला.

हे वाटतं तितकं सोपं नाही. कुंचल्याला कुठेही जाता येतं. वर, खाली, गोल, तिरकं. मागावर तसं नाही. उभा ताणा, आडवा बाणा. खालून सुरू करायचं आणि वरपर्यंत जायचं. विणलेलं मग पुसता येत नाही. उसवायचं तर वरचं सगळं उसवावं लागतं. सरळ रेघ सोपी, तिरकी पायऱ्यापायऱ्यांनी जमते, वर्तुळ मात्र विणकराचा घाम काढतं. आणि प्रत्येक रंगाचा धागा वेगळा. जिथे दोन रंग भेटतात तिथे त्यांना हाताने वळवायचं, एकमेकांत अडकवायचं. पैठणीच्या पदरातला मोर असाच विणतात. लांबून ते चित्र वाटतं, पण ते कापडावर काढलेलं नसतं. कापड आणि चित्र एकाच वेळी जन्माला येतात. चित्र उपटून काढलं तर खाली कापड उरत नाही.

आर्नुल्फोने जुन्या सरापेचा अभ्यास केला. मेक्सिकोच्या उत्तरेला साल्तियो नावाचं शहर आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथल्या नावाने ओळखले जाणारे सरापे म्हणजे विणकामाची शर्थ होती. मधोमध एक मोठा हिरा, त्याच्याभोवती बारीक बारीक ठिपक्या-शंकरपाळ्यांचं जाळं, इतकं नाजूक की डोळे मिटमिटावेत. श्रीमंत जमीनदार घोड्यावर बसताना ते मिरवत. ती कारागिरी पुढे मागे पडली होती. आर्नुल्फोने तो हिरा पुन्हा उचलला. पण नक्कल केली नाही. मधल्या हिऱ्यातून रंग बाहेरच्या बाजूला असे पसरत नेले, जसे चित्रकार फिकटाकडून गडदाकडे नेतो. लोकरीबरोबर त्याने रेशीम घेतलं. सोन्याचा आणि चांदीचा तार घेतला. एकेक काम महिनोन्महिने मागावर राहायचं.

रेशीम आणि जर! हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. रेशीम, जर आणि धागे एकमेकांत अडकवून केलेली नक्षी, म्हणजे आपल्या गोदाकाठचीच भाषा झाली की. आर्नुल्फोने पैठणी पाहिली होती असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला मला आधार नाही. मी एवढंच म्हणतो की दोन हात, एकमेकांना न ओळखणारे, एकाच अडचणीशी झुंजले की पुष्कळदा एकाच उत्तराला येऊन पोचतात.

कुणी म्हणेल, सोन्याची जर आणि रेशीम ही झापोटेक परंपरा थोडीच? तर मघाशी सांगितलेली मेंढी आठवा. लोकर तरी कुठे झापोटेक होती? आणि रेशीम तर वाहाकाच्याच डोंगराळ भागात सोळाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर होत होतं. शुद्ध परंपरा शोधायला निघालेला माणूस कांद्याची सालं काढत बसतो. परंपरा शुद्ध आहे की नाही, यापेक्षा ती जिवंत आहे की नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

हे मी अंमळ जोरात बोललो, त्याला कारण आहे. आजही एखाद्या कविसंमेलनात कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी प्रेमाने विचारतं, ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो! शिकलात कुठे?’’ मी म्हणतो, घरात नाही, गल्लीत. घरात आमची बोली उर्दूकडे झुकलेली, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. आर्नुल्फोच्या गावातही घरची भाषा झापोटेक आणि शाळेची स्पॅनिश. असा माणूस दोन भाषांमध्ये उभा असतो असं लोकांना वाटतं. मला वाटतं, तो दोन्हीकडून विणलेला असतो. माझ्या मराठीतल्या ‘किरमिजी’ला, ‘जर’ला, ‘रेशमा’ला मी कुठून आलास म्हणून विचारत नाही. ते बसले आहेत ना नीट? दोन्ही बाजूंनी दिसतात ना सारखे? मग झालं.

१९८७ साली आर्नुल्फोने पत्नी मेरी जेन यांच्यासह वाहाका शहरात एक कलादालन सुरू केलं. नाव ठेवलं ‘ला मानो माहिका’, म्हणजे ‘जादूचा हात’. शहरातल्या जुन्या दगडी रस्त्यावरचं हे दालन. तिथे त्याची स्वतःची विणकामं होतीच, पण चित्रकारांच्या चित्रांबरोबर इतर गावांतल्या कारागिरांच्या मातीच्या, लाकडाच्या, विणकामाच्या वस्तूही मांडल्या जात. हे मला त्याच्या विणकामाइतकंच मोलाचं वाटतं. कारण चित्र आणि मडकं एका छताखाली, एका मानाने ठेवणं, हे बोलायला सोपं आणि करायला अवघड. आपल्याकडे अजूनही चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं आणि साडीवर असते ती दुकानाची चिठ्ठी. ती साडी ज्याने विणली त्याचं नाव त्याच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक असतं?

आर्नुल्फोच्या कामाला त्याचं नाव लागलं. ते काम भिंतीवर टांगलं गेलं, परदेशांत प्रदर्शनांत गेलं. लोक म्हणू लागले, ‘हा मेंदोसा आहे.’ एका विणकराच्या पोराच्या बाबतीत ही लहानसहान गोष्ट नाही.

पण मी तुम्हाला गोड गोष्ट सांगून घरी पाठवणार नाही. एका आर्नुल्फोचं नाव झालं म्हणून सगळ्या गावाचं भलं झालं असं होत नाही. व्यापाऱ्याच्या मागणीवर वारावर मजुरी घेऊन विणणारे हात तिकडेही राहिले, इकडेही आहेत. बायका लोकर पिंजतात, कातात, रंगवतात आणि नाव लागतं ते पुरुषाचं, ही तक्रार तेओतित्लानमध्येही होती. तिथल्या बायका मग स्वतः मागावर बसल्या आणि १९८० च्या दशकापासून त्यांनी आपल्या सहकारी संस्था काढल्या, आपला माल आपण विकायला सुरुवात केली. नक्षीच्या चोरीचा प्रश्न तर एवढा वाढला की २०२२ साली मेक्सिकोने मूळ रहिवाशांच्या सांस्कृतिक वारशाचं रक्षण करणारा कायदा केला. एखादी नक्षी गावाला न विचारता कुणी छापून विकू नये, यासाठी. कायद्याने किती साधेल ते काळ ठरवील. पण ‘ही नक्षी कुणाची?’ हा प्रश्न तरी विचारला गेला.

मग आर्नुल्फोने काय साधलं? मला वाटतं, त्याने एक मधला दरवाजा उघडा ठेवला. आपल्याकडे आणि तिकडेही, विणकराच्या पोरापुढे दोनच वाटा असतात. एक तर बापाचं जे आहे ते तसंच करत राहायचं, नाहीतर शिकून निघून जायचं. शिकून परत यायचं आणि जे शिकलो ते बापाच्या मागावर चढवायचं, ही तिसरी वाट कुणी दाखवत नाही. आर्नुल्फो त्या वाटेने चालून गेला. विणकाम ही हातांची सवय आहे आणि कला ही डोक्याची गोष्ट आहे, असा जो एक समज आहे, तो त्याच्या कापडापुढे टिकत नाही.

८ मार्च २०१४ रोजी आर्नुल्फो मेंदोसा वारला. साठीही पुरी झाली नव्हती. त्याचं वय आणि माझं आजचं वय यांत आता फारसं अंतर उरलेलं नाही. या वयात माणूस हिशेब मांडायला लागतो. मी मांडला तेव्हा तो धोटा डोळ्यांपुढे आला. मी मागे आलो नाही. आता येताही येणार नाही. मागावर बसायला जे हात लागतात ते दहा-बारा वर्षांच्या वयात घडतात. माझे त्या वयात पेन धरायला शिकले. त्याचं दुःख करायचं की आनंद, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक आठवण सांगतो आणि थांबतो. माझा पहिला कवितासंग्रह छापून आला तेव्हा अब्बा हयात होते. त्यांना मराठी बोलता यायचं, वाचायला मात्र जड जायचं. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं नाही. पुस्तक पालथं केलं, मागची बाजू पाहिली, मग एक पान दोन बोटांत धरून अंगठ्याने चाचपलं, कापडाचा पोत बघतात तसं. आणि विचारलं, ‘‘कितने दिन लगे?’’

मी म्हणालो, ‘‘सात बरस, अब्बा.’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग पुस्तक माझ्या हातात देत म्हणाले, ‘‘फिर ठीक है.’’

माझ्या कवितेवर नंतर बरंच लिहून आलं, चांगलंही आणि वाईटही. पण एवढी नेमकी परीक्षा कुणी केली नाही. तेव्हा मी हसलो होतो. आर्नुल्फोबद्दल वाचल्यावर कळलं, अब्बा मला त्यांच्या मापाने मोजत होते. आणि ते माप खोटं नव्हतं. किती दिवस लागले आणि मागून कसं दिसतं, हे दोनच प्रश्न ते विचारत होते. कापडाला लागू पडतात तसेच ते कवितेलाही पडतात.

तो तांबडा तुकडा आता माझ्या लिहायच्या टेबलावर असतो. त्याच्यावर मी आजोबांचा धोटा ठेवला आहे. कधीमधी दोन्ही बाजूला सारून तुकडा उलटा करून बघतो. अजून तरी कुठे गाठ सापडलेली नाही.

तुम्ही पुढच्या वेळी लग्नसराईत कापड घ्यायला जाल, तेव्हा एकदा ते उलटं करून बघा. आणि दुकानदाराला विचारा, हे विणलं कुणी? त्याला बहुधा सांगता येणार नाही. पण विचारा.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)